कॅनडातल्या लेखिका वाचायच्या तर: क्रम, आवृत्त्या आणि चरित्राचं प्रमाण

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाचनगटाला कॅनडातल्या लेखिकांवर आठ बैठका करायच्या आहेत, दर तीन आठवड्यांनी एक. ॲलिस मन्रो आणि मार्गारेट ॲटवुड सोडून फारशी नावं माहीत नाहीत. इंग्रजी कादंबरी सहज वाचणारे गटात निम्मेच आहेत. कुणाला घ्यावं, कोणत्या क्रमाने घ्यावं आणि लेखिकांच्या आयुष्याबद्दल किती सांगावं?

पहिली सूचना म्हणजे कालक्रमाने जाऊ नका. कालक्रम धरलात की सुरुवात होते फ्रान्सेस ब्रुक यांच्या १७६९ च्या ‘द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू’पासून. ती कॅनडातली पहिली कादंबरी मानतात, आहेही महत्त्वाची. पण ती पत्रांतून सांगितलेली, चार खंडांची आहे. तिने सुरुवात केलेला गट दुसऱ्या बैठकीला अर्धा होतो.

सुरुवात एका कथेने करा. मन्रो यांची ‘वॉकर ब्रदर्स काउबॉय’ घ्या. ‘डान्स ऑफ द हॅपी शेड्स’ या १९६८ च्या पहिल्या संग्रहातली ती पहिलीच कथा. तासाभरात वाचून होते, बैठकीत मोठ्याने वाचली तरी चालते. काळ मंदीचा, म्हणजे १९३० च्या दशकातला. वडिलांचा कोल्ह्यांच्या कातड्यांचा धंदा बुडालाय. आता ते ह्यूरन सरोवराकाठच्या भागात दारोदार खोकल्याची औषधं, टॉनिक, मसाले असलं काहीबाही विकतात. एके दिवशी मुलीला आणि धाकट्या भावाला गाडीत घालून निघतात. एका घरी वरच्या खिडकीतून कुणीतरी मूत्रपात्र त्यांच्या दिशेने रिकामं करतं. ते हसण्यावारी नेतात, पण त्यानंतर गाडी त्यांच्या विक्रीच्या हद्दीबाहेर जाते आणि नोरा नावाच्या जुन्या ओळखीच्या बाईच्या दारात थांबते. नोरा मुलीला नाचायला शिकवते, मग वडिलांना नाचायला बोलावते. ते नाही म्हणतात. निघताना ती गाडीच्या धूळभरल्या पत्र्यावर बोट टेकवते आणि धुळीत काहीतरी खूण उमटते. संपली गोष्ट.

यात गट कुठे घसरतो ते सांगतो. भिंतीवर मेरीचं चित्र दिसल्यावर मुलीला घरात ऐकलेला एक वाक्प्रचार आठवतो: अमकी चुकीच्या पायाने खणते. ओंटारिओतल्या प्रॉटेस्टंट घरांत कॅथलिक माणसाबद्दल असं म्हणत. हे कळलं नाही तर वडिलांनी नोराशी लग्न का केलं नाही हे कळत नाही आणि कथा म्हणजे नुसती एक सहल उरते. कथेत त्या लग्नाबद्दल एक वाक्य नाही, ‘आईला सांगू नकोस’ असंही कुणी म्हणत नाही. म्हणून प्रत्येकाला एक कोरा कागद द्या, मध्ये उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे काय घडलं, उजवीकडे मुलीला काय उमगलं. उजवा रकाना डाव्याहून मोठा झाला की मन्रो वाचता येऊ लागल्या असं समजा.

चरित्र कथेनंतर, आणि दहा मिनिटांत. जन्म १९३१, विंगहॅम, ओंटारिओ. वडील खरोखरच कोल्हे पाळत, आईला पार्किन्सन्स. शिष्यवृत्तीवर दोन वर्षं विद्यापीठात, १९५१ मध्ये लग्न आणि व्हँकूव्हर, १९६३ मध्ये व्हिक्टोरियात नवऱ्याबरोबर पुस्तकांचं दुकान. पहिलं पुस्तक आलं तेव्हा वय ३७. मुलं झोपतील तेवढ्या वेळात लिहायचं, म्हणून कादंबरीऐवजी कथा, हे त्यांनी स्वतःही सांगितलंय. खरं आहे, पण अपुरं आहे. मुली मोठ्या झाल्या, वेळ मिळाला, २०१३ मध्ये नोबेल आलं, तरी शेवटपर्यंत कथाच लिहिल्या. सवडीने सुरुवात समजते, चाळीस वर्षांचा हट्ट समजत नाही.

आणि २०२४ टाळू नका. मे महिन्यात मन्रो गेल्या. जुलैमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीने जाहीरपणे लिहिलं की १९७६ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, सावत्र वडिलांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. १९९२ मध्ये तिने आईला हे कळवलं. मन्रो काही काळ वेगळ्या राहिल्या आणि परत त्याच नवऱ्याकडे गेल्या. २००५ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरीही त्या त्याच्याजवळच राहिल्या. गटात कुणीतरी हे काढणारच, तेव्हा तुम्हीच सांगा. सोबत ‘ओपन सीक्रेट्स’ (१९९४) मधली ‘व्हँडल्स’ वाचता येईल. मुलांवरचा अत्याचार दिसूनही न पाहणारी बाई त्या कथेच्या मध्यभागी आहे, आणि ती कथा १९९२ नंतर छापून आलेली आहे. फक्त तिला कबुलीजबाब म्हणून वाचू नका. कथेने स्वतः तसा दावा केलेला नाही, आणि तसं वाचलं की मुलीची बाजू पुन्हा आईच्या कलेच्या पदराखाली जाते.

आता आवृत्त्यांबद्दल, कारण पैसे इथे वाया जातात. मन्रो यांचा १९७८ चा ‘हू डू यू थिंक यू आर?’ हा संग्रह कॅनडाबाहेर ‘द बेगर मेड’ या नावाने आला. गटात निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरं मागवलं तर घाबरू नका, पुस्तक एकच. त्या पुस्तकाची घडण मात्र सांगण्यासारखी आहे. मुळात त्यात दोन नायिका होत्या: रोझच्या कथा तृतीय पुरुषात, जॅनेटच्या प्रथम पुरुषात. छपाई सुरू व्हायच्या बेतात असताना मन्रो यांना वाटलं की या दोघी एकच आहेत. त्यांनी काम थांबवायला लावलं, जॅनेटच्या कथा रोझच्या करून पुन्हा लिहिल्या आणि नव्या जुळणीचा खर्च स्वतः सोसला. मासिकातली कथा आणि पुस्तकातली कथाही त्यांच्याकडे नेहमी सारखी नसते. ‘होम’ ही कथा १९७४ मध्ये छापली गेली आणि तीच बरीच बदलून २००६ च्या संग्रहात आली. वाद झाला तर आधी दोघांच्या हातातला मजकूर एकच आहे ना ते पाहा.

दुसऱ्या बैठकीला मार्गारेट लॉरेन्स. भारतात हे नाव फारसं कुणी घेत नाही. माझ्या मते या यादीतली सगळ्यात भरवशाची कादंबरीकार हीच. मॅनिटोबातल्या नीपावा या गावात १९२६ चा जन्म. त्या गावावरून त्यांनी मॅनावाका नावाचं गाव रचलं आणि त्यावर पाच पुस्तकं लिहिली. पहिलं ‘द स्टोन एंजल’ (१९६४), शेवटचं ‘द डिव्हायनर्स’ (१९७४). गटासाठी पहिलंच घ्या. नव्वदीची हेगर शिपली, हेकट, तोंडाळ, कुणापुढे न वाकणारी. मुलगा आणि सून तिला वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतात आणि ती घरातून पळते. मराठी घरांत ही चर्चा पेटायला पाच मिनिटं लागत नाहीत. दोन काळ आलटून पालटून येतात, पण घाबरण्याचं कारण नाही, कारण आठवणी जवळजवळ सरळ क्रमाने येतात, लहानपणापासून पुढे. गावाच्या स्मशानातला तो संगमरवरी देवदूत हेगरच्या वडिलांनी इटलीहून मागवलेला. कोरणाऱ्याने त्याच्या डोळ्यांत बुबुळं कोरलेली नाहीत. सुरुवातीलाच हे येतं. तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा.

‘द डिव्हायनर्स’ जास्त मोठी आणि जास्त श्रीमंत आहे, पण तीन आठवड्यांत होत नाही. तिच्यावर १९७६ मध्ये ओंटारिओत शाळेच्या अभ्यासक्रमातून काढा म्हणून मोहीम झाली, तीही लॉरेन्स राहत होत्या त्याच लेकफील्ड परिसरात. या लेकफील्डचा धागा लक्षात ठेवा, तिसऱ्या बैठकीत लागेल.

कारण याच गावात १८९९ मध्ये कॅथरिन पार ट्रेल वारल्या. त्या आणि धाकटी बहीण सुझॅना मूडी, दोघी इंग्लंडमधल्या सफोकच्या, १८३२ मध्ये नवऱ्यांबरोबर कॅनडाच्या जंगलात आल्या. ‘द डिव्हायनर्स’ची नायिका या ट्रेलबाईंशी मनातल्या मनात भांडते, इतक्या त्या तिथल्या लेखिकांच्या डोक्यात बसल्यात. एक अनुभव, दोन बहिणी, दोन पुस्तकं. ट्रेल यांचा कल उपयोगाकडे: १८५४ चं ‘द फीमेल एमिग्रंट्स गाइड’ म्हणजे यीस्ट कसं करायचं, मेपलची साखर कशी आटवायची, सफरचंदं कशी वाळवायची याचं पुस्तक. मूडी यांचा ‘रफिंग इट इन द बुश’ (१८५२) म्हणजे तक्रार, विनोद आणि अपमान यांची भेळ, शिवाय मध्येमध्ये कविता आणि काही प्रकरणं नवऱ्याच्या हातची.

मूडी सगळ्या वाचू नका. कॉफीचा भाग वाचा. चहा-कॉफीला पैसे नाहीत, म्हणून डँडेलियनची मुळं खणायची, धुवायची पण वरची तपकिरी साल घासून काढायची नाही, राजम्याएवढे तुकडे करायचे, भट्टीत कुरकुरीत तपकिरी होईपर्यंत भाजायचे, दळायचे, उकळायचे. साल का ठेवायची, तर मूडींच्या मते चव त्या सालीतच असते. दुसरा भाग लेखनाच्या कमाईचा. माँट्रिअलच्या ‘लिटररी गार्लंड’ मासिकाकडून लेखनाचं बोलावणं आलं तेव्हा मेणबत्त्या परवडत नव्हत्या. डुकराच्या चरबीत बुडवलेल्या चिंध्यांची वात बाटलीच्या तोंडात खोचून, त्या उजेडात त्या रात्री लिहीत. पहिली वीस डॉलरची नोट आली तेव्हा रडल्या. कॅनडातल्या स्त्रीलेखनाचं अर्थशास्त्र इथून सुरू होतं.

आवृत्तीचा सापळा इथे सर्वात मोठा आहे. ‘रफिंग इट इन द बुश’ची न्यू कॅनेडियन लायब्ररी या पुस्तकमालेतली १९६२ ची आवृत्ती संक्षिप्त होती. जुन्या पुस्तकांच्या बाजारात तीच अजून सापडते. त्याच मालेतली १९८९ ची पूर्ण आहे. पानांची संख्या पाहूनच घ्या: बरीच कमी असेल तर कापलेली.

मूडीनंतर लगेच ॲटवुड, आणि ‘द हँडमेड्स टेल’ नव्हे. ती मालिकेमुळे सगळ्यांना ‘माहीत’ असते आणि चर्चा पुस्तकाऐवजी अमेरिकेच्या राजकारणावर जाते. ‘एलियस ग्रेस’ (१९९६) घ्या. १८४३ मध्ये टोरँटोजवळ एका जमीनदाराचा आणि त्याच्या घर सांभाळणाऱ्या बाईचा खून झाला. सोळा वर्षांची मोलकरीण ग्रेस मार्क्स दोषी ठरली, १८७२ मध्ये माफी मिळाली. मूडी यांनी तिला तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात पाहिलं होतं आणि त्यावर लिहिलं, पण बरंच आठवणीतून, चुकांसह आणि तिखटमीठ लावून. ॲटवुड यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी हीच गोष्ट लिहिली तेव्हा मूडींवर विश्वास ठेवला. वीस वर्षांनी कागदपत्रं तपासली आणि कादंबरी उभी राहिली ती त्या अविश्वासावर. म्हणून मूडी आधी वाचायच्या. नाहीतर अर्धी गंमत निसटते. विभागांची नावं गोधडीच्या नमुन्यांवरून आहेत. आपल्याकडच्या वाकळ शिवणाऱ्या हातांना ते बरोबर कळेल.

एल. एम. माँटगोमेरी यांच्यावर एक बैठक पुरते. ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) सगळ्यांनी लहानपणी कुठल्यातरी रूपात पाहिलेलं असतं, आणि तीच अडचण. दुकानातल्या बहुतेक रंगीत प्रती मुलांसाठी कापलेल्या असतात. ३८ प्रकरणं नसतील तर परत ठेवा. चर्चेला मात्र करार घ्या. अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं हस्तलिखित त्यांनी टोपीच्या खोक्यात टाकून दिलं होतं. शेवटी बॉस्टनच्या प्रकाशकाने घेतलं तेव्हा मानधन ठरलं घाऊक किमतीच्या दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे नऊ सेंट. वर अट, पुढच्या पाच वर्षांची पुस्तकंही याच दराने याच प्रकाशकाला. पुस्तक धो धो खपलं. मग वर्षानुवर्षं कोर्टबाजी. १९१९ मध्ये त्यांनी हक्क एकरकमी विकून टाकले आणि त्याच वर्षी ‘ॲन’वर मूकपट निघाला, त्यातला एक सेंटही त्यांना मिळाला नाही. पुस्तक लिहिणाऱ्या कुणीही करारातली ‘पुढची पुस्तकं’ ही ओळ का वाचावी याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यांच्या रोजनिश्या फार सुंदर आहेत आणि फार फसव्या आहेत. १९८५ पासून त्या छापून येऊ लागल्या तेव्हा हसऱ्या ॲनमागे नैराश्याशी झगडणारी, पाद्री नवऱ्याचा मानसिक आजार गावापासून लपवणारी बाई दिसली. पण १९१९ नंतर माँटगोमेरी यांनी जुन्या वह्या स्वतः एकसारख्या मोठ्या खातेवह्यांत उतरवून काढल्या. उतरवताना काय ठेवलं, काय गाळलं, ते त्यांनाच ठाऊक. म्हणजे आपल्या हाती आहे ती त्यांनी स्वतः संपादलेली रोजनिशी. तिला थेट पुरावा मानून कादंबरीतली पात्रं ओळखायला बसू नका.

फ्रेंच कॅनडातून गाब्रिएल र्वा. नावाच्या स्पेलिंगवरून लोक ‘रॉय’ म्हणतात. जन्म मॅनिटोबातल्या सँ-बोनिफासचा, पेशाने आधी शिक्षिका. ‘बोनर दोकाझियों’ (१९४५) ही माँट्रिअलच्या सँ-आंरी या कामगार वस्तीची कादंबरी: सवंग मालाच्या दुकानातल्या काउंटरवर जेवण वाढणारी फ्लोरांतीन, सतत गरोदर आणि सतत घर बदलणारी तिची आई रोझ-आना, आणि बेकारांना पगार देणारं एकमेव काम, ते म्हणजे युद्ध. फ्रेंच नावात ‘दुसऱ्या हाताचं सुख’ आणि ‘योगायोगाचं सुख’ असे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजीत ते नाव गेलं आणि ‘द टिन फ्लूट’ आलं, आजारी लहान मुलाच्या पत्र्याच्या बासरीवरून.

इंग्रजी भाषांतरं दोन आहेत, १९४७ चं आणि ॲलन ब्राउन यांचं १९८० चं. दुसरं घ्या. पहिल्या भाषांतराची एक चूक भाषांतराच्या वर्गात अजून सांगतात. क्युबेकच्या फ्रेंचमध्ये ‘पूद्ररी’ म्हणजे वाऱ्याने उधळलेलं भुरभुरीत बर्फ. फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना. अमेरिकन भाषांतरकर्तीने दुसरा अर्थ धरला आणि बर्फाच्या वादळाच्या जागी कारखान्याचा स्फोट झाला. कादंबरी युद्धकाळातली, त्यामुळे कुणाला शंकाही येऊ नये!

सातव्या बैठकीला मारिया कॅम्पबेल यांचं आत्मचरित्र ‘हाफब्रीड’ (१९७३). आधी शब्द नीट करून घ्या. ‘रेड इंडियन’ वापरू नका. कॅनडात मूळनिवासींचे तीन वेगळे समूह आहेत: फर्स्ट नेशन्स, इन्यूट आणि मेटी. मेटी म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला स्वतंत्र समाज. सरसकट ‘आदिवासी’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. कॅम्पबेल मेटी. पुस्तक छोटं आहे, भाषा साधी आहे. इंग्रजीला बिचकणाऱ्यांनाही जमेल. पण प्रत २०१९ ची किंवा नंतरचीच हवी. मूळ हस्तलिखितात, त्या चौदा वर्षांच्या असताना पोलिसाने केलेल्या बलात्काराचा मजकूर होता. कायदेशीर कारवाईच्या भीतीने तो लेखिकेच्या इच्छेविरुद्ध काढला गेला. २०१८ मध्ये संशोधकांना ती पानं प्रकाशकाच्या जुन्या कागदपत्रांत सापडली, पुढच्या वर्षी ती जागेवर आली. जुनी प्रत वाचली तर पुढे नायिका कोसळते ती उगाचच कोसळल्यासारखी वाटते. पंचेचाळीस वर्षं वाचक तेच वाचत होते.

शेवटी जॉय कोगावा यांची ‘ओबासान’ (१९८१). १९४२ मध्ये कॅनडाने आपल्याच सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हलवलं, घरंदारं विकून टाकली आणि १९४९ पर्यंत परत येऊ दिलं नाही. कोगावा तेव्हा लहान होत्या. कादंबरीत मावशी सतत बोलते, कागद जमवते; काकू बोलतच नाही. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात व्यक्तींना प्रत्येकी २१,००० डॉलर दिले, तेव्हा संसदेत या पुस्तकातले उतारे वाचले गेले. ‘नेओमीज रोड’ ही याच गोष्टीची मुलांसाठीची आवृत्ती, चुकून ती मागवू नका.

पॉलिन जॉन्सन, मेव्हिस गॅलंट, कॅरल शील्ड्स, डिऑन ब्रँड या राहिल्या, याची खंत आहेच. जॉन्सन यांची एखादी कविता कुठल्याही बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटांत बसते. मोहॉक वडील आणि इंग्रज आई यांची ही मुलगी कार्यक्रमाचा पहिला भाग हरणाच्या कातड्याच्या पोशाखात करायची आणि दुसरा इंग्रजी गाउनमध्ये. भारताचा धागा हवा असेल तर अनिता राउ बदामी यांची ‘टॅमरिंड मेम’ (१९९६) वाचा. रेल्वे कॉलनीत वाढलेल्यांना बंगले, शिपाई, बदल्या, सगळं ओळखीचं वाटेल. अमेरिकेत तिचं नाव ‘टॅमरिंड वूमन’ आहे.

राहिला प्रश्न इंग्रजी न वाचणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी, हक्क मोकळे असतील तिथे, चार-पाच पानं मराठीत करून वाटा. हक्कांचं असं: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. त्यामुळे मूडी, ट्रेल, जॉन्सन (मृत्यू १९१३) आणि माँटगोमेरी (मृत्यू १९४२) यांची हयातीत छापलेली पुस्तकं तुम्ही बिनदिक्कत मराठीत आणू शकता, पुस्तक म्हणूनही छापू शकता. माँटगोमेरी यांच्या रोजनिश्या त्यात येत नाहीत. त्या मरणोत्तर छापल्या, त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजतात. मन्रो, लॉरेन्स, ॲटवुड, र्वा, कॅम्पबेल, कोगावा यांचे हक्क चालू आहेत. तिथे तोंडी सारांश सांगा, छापील भाषांतर परवानगीशिवाय फिरवू नका.

मूडी करायला घेतलात तर ‘बुश’ या शब्दापाशी थांबा. शब्दकोश ‘झुडूप’ सांगेल. मूडींचं बुश म्हणजे कुऱ्हाड न लागलेलं, आकाश झाकणारं उंच जंगल. ‘रान’ चालेल, ‘झुडूप’ लिहिलंत तर सगळं पुस्तक गुडघ्याएवढं होईल.